एसएसडी लिहिता लिहिता मध्येच का अडखळते? गार्बेज कलेक्शन आणि बॅक प्रेशर

नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये मजकूर साठवणाऱ्या ड्राइव्हवर, सलग लिहायला घेतले, की सुरुवातीचा काही काळ तिचा वेग पाहून समाधान वाटते. ड्राइव्ह भरत आली आणि त्याच त्या जागांवर पुन्हा पुन्हा लिहिणे सुरू झाले, की मात्र चित्र पालटते. सरासरी वेग उतरतो हे एक. पण त्याहून त्रासाची गोष्ट अशी, की एरवी काही मायक्रोसेकंदांत उरकणारे एखादे लेखन अचानक शेकडो मिलिसेकंद अडकून पडते, त्याच्यामागे उभी असलेली कामे खोळंबतात आणि डेटाबेससारखा प्रोग्रॅम काही क्षण पूर्ण गप्प होतो. ड्राइव्हमध्ये बिघाड झालेला नसतो. तिच्या आत निरुपयोगी झालेला मजकूर झाडून जागा रिकामी करण्याचे काम चालू असते आणि त्या कामाने नव्या लेखनाला थांबवून धरलेले असते. या साफसफाईला गार्बेज कलेक्शन म्हणतात. तिच्यामुळे लिहिणाऱ्यापर्यंत ‘जरा दमाने घ्या’ असा जो दाब वर पोहोचतो, किंवा पोहोचायला हवा, त्याला बॅक प्रेशर म्हणतात. हा दाब कधी, कोणावर आणि किती द्यायचा हे ठरवणे हे स्टोरेज ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या वतीने ड्राइव्हशी बोलणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्याचे सर्वांत नाजूक काम आहे, असे माझे मत आहे. कारण इथे झालेली चूक चाचणीच्या पहिल्या तासात दिसत नाही, ड्राइव्ह भरल्यावर दिसते, आणि तीही नेमकी कामाचा भार सर्वाधिक असताना.

फ्लॅशचा मूळ स्वभाव

एसएसडीच्या पोटात नॅन्ड फ्लॅश चिप असतात. या चिपमध्ये मजकूर वाचायचा आणि लिहायचा तो पानापानाने. एक पान साधारण ४ ते १६ केबीचे असते. पुसायचे मात्र एकेक पान करून पुसता येत नाही. शेकडो किंवा त्याहून अधिक पानांचा एक ब्लॉक असतो आणि पुसायचा तर तो अख्खा ब्लॉकच पुसावा लागतो. एकदा लिहिलेल्या पानावर, त्याचा ब्लॉक पुसल्याशिवाय, पुन्हा लिहिता येत नाही. वेळांचे प्रमाणही विषम आहे: वाचायला काही दहा ते शंभराच्या आसपास मायक्रोसेकंद, लिहायला त्याच्या कित्येक पट, आणि पुसायला काही मिलिसेकंद. शिवाय प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो. एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या टीएलसी फ्लॅशमध्ये ही मर्यादा साधारण काही हजारांच्या घरात असते.

वरच्या ऑपरेटिंग सिस्टीमला यातले काही ठाऊक नसते. तिला वाटते, की ५००० क्रमांकाच्या जागेवर लिहिलेले बदलायचे असेल तर त्याच जागेवर पुन्हा लिहावे. म्हणून मध्ये एक भाषांतराचा थर लागतो. तो प्रत्येक नवे लेखन कुठल्या तरी कोऱ्या पानावर करतो, ‘५००० क्रमांक आता इथे आहे’ अशी नोंद आपल्या नकाशात बदलतो आणि जुने पान मृत झाले असे समजतो. मृत पानाची जागा मात्र लगेच परत मिळत नाही, कारण त्याच ब्लॉकमध्ये त्याच्या शेजारी अजून जिवंत पाने असतात. ती जिवंत पाने दुसऱ्या ब्लॉकमध्ये हलवायची, नकाशा दुरुस्त करायचा आणि मग तो ब्लॉक पुसून रिकाम्या ब्लॉकांच्या साठ्यात घालायचा, एवढे सगळे केल्यावरच जागा मोकळी होते. या सगळ्या उठाठेवीचे नाव गार्बेज कलेक्शन.

हा थर बहुतेक ड्राइव्हमध्ये आतल्या कंट्रोलर चिपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्यातच बसवलेल्या प्रोग्रॅममध्ये, असतो, तर काही रचनांमध्ये तो ऑपरेटिंग सिस्टीमच्या ड्रायव्हरमध्ये येतो. दुसऱ्या प्रकारात बॅक प्रेशरची सगळी जबाबदारी ड्रायव्हरवर पडते, म्हणून आधी त्याचाच विचार करू. पहिल्या प्रकाराकडे शेवटी परत येऊ.

एका ब्लॉकचा हिशेब

गार्बेज कलेक्शन महाग आहे हे सगळे म्हणतात, पण ते किती महाग आहे हे एकदा कागदावर मांडून पाहिल्याशिवाय पटत नाही. हिशेबाला सोपे आणि टीएलसी फ्लॅशच्या वास्तवापासून फार दूर नसलेले आकडे घेऊ. एका ब्लॉकमध्ये १६ केबीची २५६ पाने, म्हणजे ४ एमबी. एक पान वाचायला ०.०६ मिलिसेकंद, लिहायला ०.७ मिलिसेकंद आणि ब्लॉक पुसायला ५ मिलिसेकंद. ड्राइव्हमध्ये एकाच वेळी स्वतंत्रपणे काम करू शकणारे चिपचे ३२ भाग आहेत. त्यांना डाय म्हणतात.

ड्राइव्ह नवी असताना एक डाय एक ब्लॉक पुसून भरायला २५६ गुणिले ०.७ अधिक ५, म्हणजे सुमारे १८४ मिलिसेकंद घेते. तेवढ्यात ४ एमबी लिहून होतात. ३२ डाय मिळून सेकंदाला सुमारे ७०० एमबी.

आता ड्राइव्ह जुनी झाली आणि साफ करायला घेतलेल्या ब्लॉकमध्ये १९२ पाने जिवंत, ६४ मृत आहेत असे समजा. १९२ पाने वाचून दुसरीकडे लिहायला सुमारे १४६ मिलिसेकंद, पुसायला ५, आणि एवढ्या खटाटोपातून जी ६४ पानांची निव्वळ जागा हाती आली, तीत नवा मजकूर लिहायला ४५. एकूण १९६ मिलिसेकंदांत होस्टचा, म्हणजे संगणकाकडून आलेला, मजकूर लिहिला गेला फक्त १ एमबी. ३२ डायचा हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १६० एमबी. चिपचे सामर्थ्य तेच आहे, तिचे कामही अविरत चालू आहे, पण बाहेरून दिसणारा वेग चौथ्या हिश्शाच्याही खाली आला.

यातून एक सूत्र मिळते, जे पुढे सतत लागेल. ब्लॉकमधील जिवंत पानांचे प्रमाण ‘ज’ मानले, तर ड्राइव्हच्या एकूण लेखनक्षमतेपैकी होस्टच्या वाट्याला येतो ‘१ वजा ज’ एवढाच भाग. ‘ज’ ०.५ असेल तर निम्मा, ०.७५ असेल तर पाव, ०.९ असेल तर दहावा हिस्सा. होस्टचे एक पान लिहायला प्रत्यक्षात किती पाने लिहावी लागतात या गुणोत्तराला राइट ॲम्प्लिफिकेशन म्हणतात. ते या वाट्याच्या उलट असते, म्हणजे अनुक्रमे २, ४ आणि १०. ‘ज’ ०.८ वरून ०.९ झाला की ऐकायला फरक लहान वाटतो, पण होस्टचा वेग निम्म्यावर येतो. जवळजवळ भरलेली ड्राइव्ह एकाएकी का हतबल होते, त्याचे कारण या वक्रात आहे.

दाब वर पोहोचला नाही तर

सेकंदाला १६० एमबी हा जर टिकणारा वेग असेल आणि वरचा प्रोग्रॅम ७०० च्या वेगाने मजकूर पाठवत राहिला, तर उरलेला मजकूर कुठे तरी साठतोच. प्रोग्रॅमपासून चिपपर्यंतच्या वाटेवर रांगाच रांगा आहेत: कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, पेज कॅश (फाइलींचा मजकूर मेमरीत धरून ठेवणारी जागा), फाइल सिस्टीमची नोंदवही, ब्लॉक लेयरची (फाइल सिस्टीम आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या थराची) रांग, ड्रायव्हरचा स्वतःचा राइट बफर (लिहायचा मजकूर तात्पुरता ठेवण्याची जागा). जी रांग ‘माझ्याकडे जागा नाही’ असे म्हणायला शिकलेली नसते, तिच्यात हा मजकूर साठतो.

रांगशास्त्राचा एक जुना नियम आहे, लिटलचा नियम: रांगेतील सरासरी कामे म्हणजे कामे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाने तिथे घालवलेला वेळ. १६ केबीची लेखने सेकंदाला १०,००० उरकत असतील आणि ड्रायव्हरने एका वेळी ६४ आत घेतली, तर प्रत्येकाला सुमारे ६.४ मिलिसेकंद लागतात. ड्रायव्हरने औदार्य दाखवून १०,००० आत घेतली, तर प्रत्येकाला पूर्ण एक सेकंद लागतो आणि उरकण्याचा दर तोच राहतो. लांब रांगेमुळे वेग वाढत नाही, फक्त प्रतीक्षा वाढते. हे वाक्य माहीत नसलेला इंजिनिअर विरळा, आणि तरीही वेग कमी पडला की पहिला हात रांगेची लांबी वाढवण्याकडेच जातो. एनव्हीएमईच्या, म्हणजे संगणकाने एसएसडीशी कसे बोलायचे हे ठरवणाऱ्या, नियमावलीत एका रांगेत ६५,५३६ पर्यंत नोंदी ठेवता येतात, म्हणून तेवढ्या ठेवाव्यात असे नाही.

वरच्या थरात हेच आकडे आणखी भीतिदायक होतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ड्राइव्हवर अजून न लिहिलेल्या, म्हणजे ‘डर्टी’, मेमरीतील पानांची मूळ मर्यादा उपलब्ध मेमरीच्या २० टक्के आहे. ६४ जीबी उपलब्ध असतील तर १२.८ जीबी मजकूर मेमरीत साठेपर्यंत लिहिणाऱ्याला पूर्ण दाब जाणवत नाही, आणि सेकंदाला १६० एमबीच्या वेगाने तो खाली उतरायला ८० सेकंद लागतात. त्या ८० सेकंदांत एखाद्या प्रोग्रॅमने आपला मजकूर ड्राइव्हवर पक्का लिहिला गेल्याची खात्री मागितली, तर त्याचा काही अपराध नसताना तो या मागच्या ढिगाऱ्याखाली सापडू शकतो.

तहान लागल्यावर विहीर

सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट पद्धत अशी: रिकामे ब्लॉक आहेत तोवर होस्टला मुक्तपणे लिहू द्यायचे आणि ते संपले की सगळे थांबवून साफसफाई सुरू करायची. ही अक्षरशः तहान लागल्यावर विहीर खणण्याची रीत आहे. वरच्या हिशेबात एका ब्लॉकच्या साफसफाईला १५१ मिलिसेकंद लागत होते. एवढा वेळ त्या डायवर जायचे प्रत्येक लेखन अडून राहते, आणि मग मिळालेली ६४ पाने संपली की पुन्हा तेच. आलेख काढला तर तो करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. सरासरी वेग या आणि पुढे सांगितलेल्या पद्धतीत जवळपास सारखाच असतो, म्हणून सरासरीच पाहणाऱ्याला यात काही वावगे दिसत नाही.

याला पर्याय असलेली दुसरी पद्धत म्हणजे साफसफाई आधीच सुरू करायची आणि लगाम हळूहळू आवळायचा. समजा, रिकाम्या ब्लॉकांचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आले की साफसफाई सुरू होते आणि २ टक्क्यांवर होस्टचे लेखन पूर्ण थांबते. या दोहोंच्या मध्ये होस्टचा वाटा एका सरळ रेषेत १०० टक्क्यांवरून शून्यावर आणायचा. यात एक सुंदर गुण आहे: ‘ज’ किती आहे हे ड्रायव्हरला माहीत असण्याची गरजच पडत नाही. ‘ज’ ०.७५ असेल तर होस्टला टिकाऊ वाटा २५ टक्केच मिळू शकतो. वाटा त्याहून जास्त असेल तर रिकामे ब्लॉक घटत जातात आणि वाटा आपोआप कमी होतो, वाटा कमी असेल तर ब्लॉक वाढतात आणि वाटाही वाढतो. शेवटी रिकाम्या ब्लॉकांचे प्रमाण ४ टक्क्यांवर येऊन स्थिरावते, कारण त्या ठिकाणी रेषा नेमकी २५ टक्के सांगते. कामाचे स्वरूप बदलून ‘ज’ ०.५ झाला, तर ते ६ टक्क्यांवर स्थिरावेल. लिहिणाऱ्याला वेग कमी झाल्याचे जाणवते, पण ठेच लागत नाही.

प्रत्यक्षात ही रेषा इतकी आज्ञाधारक नसते, कारण माहिती उशिरा येते. साफसफाईला घेतलेला ब्लॉक रिकाम्यांच्या साठ्यात दिसायला आपल्या उदाहरणात १५१ मिलिसेकंद लागतात. तोवर साठा घटतच असतो, म्हणून ड्रायव्हर लगाम गरजेपेक्षा जास्त आवळतो. मग एकदम बरेच ब्लॉक मोकळे होतात आणि तो गरजेपेक्षा जास्त सैल सोडतो. वेग वरखाली हिंदकळू लागतो. उपाय दोन-तीन आहेत आणि ते एकत्रच लागतात. जे ब्लॉक साफ होत आहेत पण अजून पुसले गेलेले नाहीत, त्यांच्यातून मिळणारी निव्वळ जागा हिशेबात धरावी. वाटा एका पावलात किती बदलू शकतो यावर मर्यादा घालावी. साफसफाई सुरू करण्याची आणि थांबवण्याची पातळी वेगळी ठेवावी, म्हणजे सीमेवर सतत चालू-बंद होत राहणार नाही. साफसफाईसाठी पुढे उभ्या असलेल्या ब्लॉकांतील जिवंत पानांचे प्रमाण पाहिले, तर येणारी अडचण साठा घटण्याआधीच कळू शकते. माझ्या मते हा संकेत पुरेसा वापरला जात नाही.

लिनक्सच्या कर्नलमध्ये याचे एक उघडपणे वाचता येणारे उदाहरण होते. लाइटएनव्हीएम या उपप्रणालीतील पीब्लॉक नावाचा ड्रायव्हर २०१७ मध्ये ४.१२ आवृत्तीत आला. त्यात भाषांतराचा थर आणि गार्बेज कलेक्शन दोन्ही ड्राइव्हमधून बाहेर काढून कर्नलमध्ये आणले होते. त्याच्या राइट बफरमधील जागांसाठी होस्टची लेखने आणि साफसफाईची लेखने स्पर्धा करत, आणि रिकाम्या ब्लॉकांच्या संख्येवरून कोणाला किती जागा द्यायच्या हे ठरे. साठा फारच आटला तर होस्टचा वाटा शून्य होई. २०२१ मध्ये ५.१५ आवृत्तीत ही उपप्रणाली काढून टाकली गेली, कारण तोवर झोन पद्धतीच्या ड्राइव्हनी तिची जागा घेतली होती. विचार मात्र टिकून आहे. झोन पद्धतीत होस्टने प्रत्येक झोनमध्ये क्रमानेच लिहायचे आणि झोन मोकळा करायचा तर तो पूर्णच करायचा असतो, त्यामुळे जिवंत मजकूर हलवण्याचे आणि लिहिणाऱ्याला रोखण्याचे काम तिथे फाइल सिस्टीमच्या किंवा डेटाबेसच्या गळ्यात येते.

एफटूएफएस ही फ्लॅशसाठी बनवलेली फाइल सिस्टीम २०१३ मध्ये लिनक्सच्या ३.८ आवृत्तीत आली आणि तिने वेगळी वाट धरली. तिचा पार्श्वभूमीतील धागा, म्हणजे मागे स्वतंत्रपणे चालणारे काम, ठरावीक काळाने, मूळ मांडणीत ३० ते ६० सेकंदांनी, उठून ड्राइव्ह निवांत आहे का हे पाहून थोडी साफसफाई करतो. तेवढ्याने भागले नाही आणि रिकामी जागा फारच कमी उरली, तर जो प्रोग्रॅम लिहायला आला असेल त्याच्याच हातून साफसफाई करून घेतली जाते. लिहिणाऱ्यानेच जागा करावी हा न्याय एका परीने चोख आहे, कारण दाब आपोआप योग्य जागी पोहोचतो. पण ४ केबी लिहायला आलेल्या बिचाऱ्याला अनेक एमबींची साफसफाई करावी लागली, तर तो न्याय राहत नाही. पैसे हप्त्याहप्त्याने फेडावेत तसे प्रत्येक लेखनामागे त्याच्या आकाराच्या प्रमाणात थोडीच साफसफाई वसूल करणे अधिक रास्त: होस्टच्या एका पानामागे ‘ज भागिले १ वजा ज’ एवढी पाने, म्हणजे ‘ज’ ०.७५ असेल तर तीन.

लगाम कुठे आवळायचा

कामाची मोजणी पानांत करायची, विनंत्यांत नाही. १ एमबीची एक विनंती १६ केबीच्या ६४ विनंत्यांएवढीच जागा खाते. विनंत्या मोजणारा ड्रायव्हर मोठी लेखने करणाऱ्याला मोकळे रान देतो आणि छोटी करणाऱ्याला रांगेत उभे करतो.

दुसरे, विनंतीला अडवायचे ते तिने काही साधनसामग्री ताब्यात घेण्याच्या आधी. बफरमधील जागा मिळालेली, नकाशातील नोंदीवर कुलूप लावलेले, आणि मग रिकाम्या ब्लॉकसाठी ताटकळत असलेली विनंती ही इतरांचीही वाट अडवते. लिनक्सच्या ब्लॉक लेयरमध्ये ड्रायव्हरला विनंती स्वीकारण्याच्या क्षणीच ‘आत्ता जागा नाही’ असे सांगून ती परत करता येते. हे सांगण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद बारीक पण महत्त्वाचा आहे. एका प्रकारात ड्रायव्हर हमी देतो, की माझ्याकडचे एखादे काम पूर्ण झाले की रांग मीच पुन्हा चालू करीन. दुसऱ्यात तशी हमी नसते, म्हणून कर्नल गरज पडल्यास साधारण ३ मिलिसेकंद थांबून स्वतःच पुन्हा विचारतो. रिकामा ब्लॉक १०० मायक्रोसेकंदांत मिळणार असताना दुसरा प्रकार वापरला, तर विनाकारण ३ मिलिसेकंद वाया जातात. हमी नसताना पहिला वापरला, तर रांग कायमची झोपी जाण्याचा धोका असतो.

वाचनाला हा लगाम लावू नये. वाचायला रिकामा ब्लॉक लागत नाही. त्याची अडचण वेगळी आहे. ज्या डायवर ५ मिलिसेकंदांचे पुसणे चालू आहे, तिच्यावरचे पान वाचायचे असेल तर वाचनाला त्या पुसण्यामागे थांबावे लागते, म्हणजे ०.०६ मिलिसेकंदाच्या कामाला ऐंशीपट उशीर. बऱ्याच आधुनिक चिपमध्ये पुसणे किंवा लिहिणे मध्येच स्थगित करून वाचन आधी उरकण्याची सोय असते. ती असेल तर वापरावी, पण स्थगितीवर मर्यादाही ठेवावी. नाहीतर वाचनांच्या माऱ्यात पुसणे पूर्णच होत नाही, रिकामे ब्लॉक संपतात आणि लेखन बंद पडते.

शेवटचा ब्लॉक कोणाचा

आता त्या चुकीकडे, जिच्यामुळे ड्राइव्ह मंद होण्यावर न थांबता कायमची गोठते. साफसफाईला स्वतःलाच रिकामा ब्लॉक लागतो, कारण जिवंत पाने कुठे तरी हलवायची असतात. होस्टच्या लेखनाने शेवटचा ब्लॉक खाल्ला, तर साफसफाई सुरू होऊ शकत नाही, आणि साफसफाईशिवाय ब्लॉक मोकळा होत नाही. म्हणून काही ब्लॉक केवळ साफसफाईसाठी राखून ठेवावेच लागतात, आणि होस्टसाठी शून्याची रेषा या राखीव साठ्याच्या वर असावी लागते. वरच्या उदाहरणातील २ टक्के त्यासाठीच होते.

ब्लॉकांच्या बाबतीत हे बहुतेकांच्या लक्षात येते. मेमरीच्या बाबतीत निसटते. संगणकाची मेमरी भरत आली आहे असे समजा. कर्नल जागा करण्यासाठी डर्टी पाने आपल्या ड्राइव्हकडे लिहायला पाठवतो. ड्रायव्हर म्हणतो, रिकामा ब्लॉक नाही, थांबा. आणि साफसफाईच्या धाग्याला उठवतो. तो धागा पहिले जिवंत पान वाचण्यासाठी १६ केबीचा बफर मागतो. कर्नल त्याला म्हणतो, मेमरी नाही, आधी डर्टी पाने लिहून जागा करू. आणि ती पाने ज्या ड्राइव्हवर लिहायची ती ड्राइव्ह हीच. तिघेही एकमेकांची वाट पाहत उभे. कुठलीही चूक नोंदवली जात नाही, प्रोसेसर निवांत असतो, आणि दोन मिनिटांनी कर्नलच्या नोंदींत ‘अमुक काम १२० सेकंदांहून अधिक काळ अडले आहे’ एवढी एक ओळ उमटते. यावरचा उपाय साधा आहे, पण तो सुरुवातीपासून करावा लागतो: साफसफाईला लागणारे सगळे बफर ड्रायव्हर सुरू होतानाच घेऊन बाजूला ठेवायचे, आणि त्या धाग्यावर अशी खूण करायची की त्याने मेमरी मागितली असता कर्नलने नवे वाचन-लेखन सुरू करून मेमरी मिळवण्याचा प्रयत्न करू नये. ड्राइव्हकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला जो मर्यादित संख्येतील क्रमांक द्यावा लागतो, त्यालाही हाच नियम: साफसफाईचे काही क्रमांक राखीव, होस्टला त्यांना हात लावण्याची मुभा नाही.

याच टप्प्यावर आणखी एक बारीक शर्यत असते. साफसफाई एखादे जिवंत पान हलवत असतानाच होस्टने त्याच क्रमांकावर नवा मजकूर लिहिला, तर हलवणे संपल्यावर नकाशात आंधळेपणाने नवी जागा नोंदवणे म्हणजे जुना मजकूर नव्याच्या डोक्यावर बसवणे. नोंद बदलण्यापूर्वी ती अजून जुन्याच जागेकडे बोट दाखवते आहे ना, हे त्याच अखंड क्रियेत तपासावे लागते. दाखवत नसेल तर हलवलेली प्रत मृत समजून सोडून द्यायची. दाबाखाली साफसफाई आणि लेखन दोन्ही जोरात चालू असते, म्हणून ही शर्यत नेमकी तेव्हाच वारंवार घडते.

साफसफाई ड्राइव्हच्या आत असेल तेव्हा

बाजारातील बहुतेक ड्राइव्हमध्ये ड्रायव्हरला रिकाम्या ब्लॉकांची संख्या दिसत नाही. त्याला दिसतो फक्त विलंब, म्हणून त्यावरूनच अंदाज बांधावा लागतो. लिनक्समध्ये २०१७ पासून, ४.१० आवृत्तीपासून, पार्श्वभूमीतील लेखनाला रोखणारी एक यंत्रणा आहे. ती १०० मिलिसेकंदांच्या आसपासच्या खिडकीत वाचनाचा विलंब पाहते. तो एसएसडीसाठी ठरवलेल्या २ मिलिसेकंदांच्या लक्ष्याबाहेर गेला, तर एका वेळी ड्राइव्हकडे जाणाऱ्या लेखनांची संख्या ती घटवते, आणि वाचन सावरले की पुन्हा वाढवते. फिरत्या तबकडीच्या ड्राइव्हसाठी हेच लक्ष्य ७५ मिलिसेकंद आहे. अंदाजावर चालणारी असूनही ही पद्धत उपयोगी पडते, कारण ड्राइव्हच्या आत कारण कोणतेही असो, रांग लहान ठेवण्याचा उपाय बहुधा एकच असतो. २०१९ च्या एनव्हीएमई १.४ नियमावलीने याहून थेट मार्गही दिला: ड्राइव्ह काही काळ विलंबाची हमी देते आणि त्यानंतरच्या काळात आपली साफसफाई उरकते, आणि या दोन काळांचा मेळ होस्टने घालायचा. अनेक ड्राइव्हवर एकाच मजकुराच्या प्रती असतील, तर त्यांच्या साफसफाईच्या पाळ्या लावून देता येतात.

दाबाचे व्यवस्थापन कितीही चांगले केले, तरी दाब मुळात कमी करायचा तर ‘ज’ कमी केला पाहिजे. त्यासाठी ड्राइव्हला मोकळी जागा द्यावी; १२८ जीबी फ्लॅश असलेली ड्राइव्ह १२० ऐवजी १०० जीबीचीच म्हणून वापरली, तर साफसफाईला घेतलेल्या ब्लॉकांत मृत पाने बरीच अधिक सापडतात. डिलीट केलेल्या फाइलींची जागा आता नको आहे हे ट्रिम आदेशाने कळवावे, नाहीतर ड्राइव्ह त्या मेलेल्या फाइलींची पाने जिवंत समजून इमानेइतबारे हलवत राहते. मात्र ट्रिमसुद्धा फुकट नाही. भर गर्दीत हजारो छोटे ट्रिम पाठवण्यापेक्षा ते एकत्र करून शांत वेळी पाठवणे बरे. आणि लवकर बदलणारा मजकूर न बदलणाऱ्या मजकुरापासून वेगळ्या ब्लॉकांत ठेवावा, म्हणजे एका प्रकारचे ब्लॉक जवळजवळ पूर्ण मृत होतात आणि दुसऱ्यांना हात लावावा लागत नाही.

मोजायचे कसे

कोऱ्या ड्राइव्हवर केलेली मोजणी या विषयात काहीच सांगत नाही. स्टोरेज उद्योगाच्या एसएनआयए या संघटनेच्या चाचणीपद्धतीत म्हणूनच आधी ड्राइव्हच्या क्षमतेच्या दुप्पट मजकूर तिच्यावर लिहायचा आणि मग सलग पाच फेऱ्यांचे आकडे एकमेकांजवळ येईपर्यंत चाचणी चालू ठेवायची, असा दंडक आहे. त्यानंतर पाहायचे ते ९९ आणि ९९.९ व्या शतमकावरील विलंब, म्हणजे ९९ किंवा ९९.९ टक्के कामे ज्या वेळेच्या आत उरकतात ती वेळ. शंभरांतले एकच वाचन अडखळते हे ऐकायला क्षुल्लक वाटते. पण एक वेबपान दाखवण्यासाठी शंभर ड्राइव्हना विचारणाऱ्या प्रणालीत त्याचा अर्थ ६३ टक्के वेळा कोणी तरी अडखळलेलेच असते असा होतो.

ड्रायव्हर आपल्या हातातला असेल, तर एकाच कालरेषेवर तीन आलेख काढावेत: होस्टची लिहिलेली पाने, साफसफाईने लिहिलेली पाने आणि रिकाम्या ब्लॉकांची संख्या, आणि हे तीनही प्रत्येक डायसाठी वेगळे, कारण एकूण साठा भरपूर असताना एखादीच डाय कोरडी पडलेली असते आणि सगळी विनंती-रांग तिच्यापाशी अडकते. तिसरी रेषा डोलत असेल, तर लगाम उशिरा किंवा जास्त जोरात आवळला जातो आहे. ती सपाट होऊन राखीव पातळीला चिकटली असेल, तर साफसफाईला वाटा कमी मिळतो आहे. ती मधल्या कुठल्या तरी उंचीवर, फारशी न हलता, तासन्‌तास टिकली असेल, आणि त्याच वेळी पहिली रेषा पहिल्या दोन रेषांच्या बेरजेच्या ‘१ वजा ज’ एवढ्या भागाच्या आसपास असेल, तर ड्रायव्हर आपले काम नीट करतो आहे.